इस्तबरक आणि त्याचा स्वार

'रेस खेळणारा' असे कोणाविषयी म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे कोण उभा राहतो? हातात रेसचे पुस्तक, खिशात पगाराचे पैसे आणि घरी वाट पाहणारी बायकामुले, असा माणूस. घोड्यावर मांड ठोकून बसलेला माणूस काही आपल्याला आठवत नाही. आपल्या बोलीने 'खेळणे' हे क्रियापद पैसे लावणाऱ्याला देऊन टाकले. जो प्रत्यक्ष मैदानात उतरतो, पडतो, हाडे मोडून घेतो, त्या स्वाराला या वाक्यात जागाच उरली नाही.

जुगार हराम आहे याबद्दल आपल्यात दुमत नाही. त्याने घरे कशी उद्ध्वस्त होतात हेही कोणी नव्याने सांगायला नको. परंतु जुगाऱ्यावरचा राग आपण घोड्यावर आणि स्वारावरही काढला. त्यामुळे एका जुन्या, कष्टाच्या आणि जोखमीच्या हुन्नराचा इतिहास आपल्या नजरेआड गेला. या लेखात आम्ही त्या हुन्नराकडे पाहणार आहोत. त्यातही सर्वांत अवघड शाखेकडे, म्हणजे अडथळ्यांवरून घोडा उडवणाऱ्या जॉकीच्या आयुष्याकडे.

दाभोळच्या बंदरातून

घोड्याचे आणि कोकणाचे नाते जुने आहे. दख्खनच्या हवेत लढाईच्या कामाचा उंचापुरा घोडा पुरेसा निपजत नसे. तो अरबस्तान, इराण आणि हुर्मुजहून जहाजाने येई आणि चौल, दाभोळ, गोवा अशा बंदरांवर उतरून घाट चढून बिदर-विजापूरकडे जाई. इ. स. १४७० च्या सुमारास, बहमनी अमलात, अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी असाच एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या असद खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि परत हवा असेल तर धर्म बदल, अशी अट घातली. तेव्हा खुरासानच्या ख्वाजा मुहम्मद यांनी मध्यस्थी केली आणि घोडा ज्याचा होता त्याला परत मिळाला. परकीयाची चीज परकीयाला परत देणारा हा मुसलमान आम्हांला त्या खानापेक्षा मोठा वाटतो. पुढे निकितिन मायदेशी निघाला तो आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळहून. दाभोळ हे घोड्यांच्या व्यापाराचे मोठे बंदर आहे, असे त्याने लिहून ठेवले आहे.

१५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी दाभोळ जाळले, १५१० मध्ये गोवा घेतले आणि घोड्यांचा व्यापार हळूहळू आपल्या मुठीत आणला. या साऱ्या हकिकतीत सुलतानांची नावे आहेत, खानांची आहेत, कप्तानांची आहेत. जहाजाच्या पोटात हेलकावणाऱ्या घोड्याच्या तोंडाशी रात्रभर उभा राहणारा मोतद्दार कोण होता? घाटातून बुजऱ्या जनावराला उतरवणारा-चढवणारा स्वार कोण? त्यांची नावे नाहीत. जिथे स्वार स्वतःच राजा किंवा सरदार असतो, तिथे त्याचे नाव राहते. जो दुसऱ्याच्या घोड्यावर बसतो, त्याचे नाव सहसा राहत नाही.

याला एक ठळक अपवाद आहे आणि तो आपल्या घरातला आहे.

मदीनेतील ती उडी

हुजूर सल्ल. यांनी मदीनेत घोड्यांच्या शर्यती लावल्या होत्या, हे सहीह हदीसमध्ये आले आहे. तयारीच्या घोड्यांसाठी हफ्यापासून सनियतुल विदापर्यंतचे लांब अंतर होते. तयारी न झालेल्या घोड्यांसाठी तेथून बनी जुरैकच्या मशिदीपर्यंतचे जवळचे अंतर होते. तयारीला 'इज्मार' म्हणत. घोड्याला आधी भरपूर चारून मग चारा कमी करायचा, झुली घालून घाम काढायचा आणि अंग हलके पण काटक करायचे, अशी ती पद्धत.

या शर्यतीत धावलेल्यांपैकी एक होते हजरत अब्दुल्लाह बिन उमर रजि. ती हकिकत त्यांनीच सांगितली आहे. सहीह मुस्लिममधील रिवायतीप्रमाणे ते पहिले आले आणि घोडा त्यांना घेऊन मशिदीच्याही पुढे गेला. तिर्मिजीतील रिवायतीत घोड्याने त्यांच्यासह भिंतीवरून उडी मारल्याचा उल्लेख आहे. चौदाशे वर्षे ही उडी आपल्या ग्रंथांत टिकून आहे. ती टिकली, कारण स्वाराने स्वतः सांगितली आणि ऐकणाऱ्यांनी ती सांगण्याजोगी मानली. त्या घोड्याचा मालक कोण, हे कोणी विचारत बसले नाही.

आपल्या फुकहांनीही शर्यत आणि जुगार यांची गल्लत केली नाही. आम्ही कोकणी लोक शाफई. शाफई फिकहच्या ग्रंथांत घोडदौड आणि तिरंदाजीच्या मुसाबक्यावर स्वतंत्र प्रकरण असते. हाकिमाने किंवा तिसऱ्या कोणी जिंकणाऱ्याला बक्षीस दिले तर ते जाइज. दोघांनी आपापले पैसे मांडून एकाने दुसऱ्याचे घेतले, तर तो जुगार. फरक स्पष्ट आहे. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. आजच्या रेसच्या जगातही जॉकीला शर्यतीवर पैसे लावायला नियमानेच बंदी असते. म्हणजे त्या भरगच्च मैदानात ज्यांना 'खेळायची' मनाई आहे, त्यांत पहिला तोच.

मालकांची मुंबई

एकोणिसाव्या शतकात अरबी घोड्यांचा हा ओघ मुंबईकडे वळला. बसरा, कुवेत आणि खाडीतल्या इतर बंदरांतून घोडे येत. भायखळा आणि भेंडीबाजाराच्या बाजूला अरब सौदागरांचे तबेले होते. शर्यती आधी भायखळ्याला होत. १८८३ मध्ये महालक्ष्मीचे मैदान तयार झाले. मुंबईतल्या पहिल्या आगाखानांना, हसन अली शाह यांना, घोड्यांचा मोठा शौक होता. त्यांची कबर माझगावच्या हसनाबादेत आहे. त्यांचे नातू सुलतान मुहम्मद शाह यांनी हा शौक विलायतेपर्यंत नेला आणि एप्समची डर्बी पाच वेळा जिंकली. १९३० मध्ये ब्लेनहाइम, १९३५ मध्ये बहराम, १९३६ मध्ये महमूद, १९४८ मध्ये माय लव्ह आणि १९५२ मध्ये तुल्यार.

आगाखानांच्या या विजयांचे कौतुक आपल्या समाजात खूप झाले. परंतु या पाच घोड्यांवर कोण बसले होते? हॅरी रॅग, फ्रेडी फॉक्स, चार्ली स्मर्क, रे जॉनस्टन आणि पुन्हा स्मर्क. यांतल्या फॉक्सची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. बहरामला घेऊन त्याने दोन हजार गिनीची शर्यत जिंकली, डर्बी जिंकली. तिसरी, सेंट लेजर, जिंकली की तिहेरी मुकुट पुरा होणार होता. आदल्या दिवशी फॉक्स दुसऱ्या घोड्यावरून पडून जखमी झाला. सेंट लेजरला बहरामवर स्मर्क बसला आणि मुकुट पुरा झाला. इतिहासात नोंद राहिली ती बहरामची आणि आगाखानांची. फॉक्स खाटेवर होता.

महालक्ष्मीलाही असे घडले. १९७९ मध्ये कार्ल उम्रीगर हा तरुण, गुणी जॉकी तेथे शर्यतीत पडून झालेल्या दुखापतीने दगावला. आणि या शर्यती सपाट मैदानावरच्या. अडथळा एकही नाही.

उड्यांची शर्यत

अडथळ्यांच्या शर्यतीचा उगम आयर्लंडमधला. १७५२ मध्ये कॉर्क परगण्यात दोघांनी बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत घोडे फेकले. वाटेत जे येईल, मग बांध असो, ओढा असो की कुंपण, त्यावरून उडी घ्यायची आणि दूरच्या चर्चचा कळस नजरेसमोर ठेवायचा. कळसाला इंग्रजीत 'स्टीपल' म्हणतात, म्हणून या प्रकाराचे नाव 'स्टीपलचेस' पडले. यातली सर्वांत प्रसिद्ध शर्यत लिव्हरपूलजवळ एन्ट्रीला होणारी ग्रँड नॅशनल. सव्वाचार मैलांहून अधिक अंतर आणि तीस उड्या. १८३९ च्या शर्यतीत कॅप्टन बेचर ओढ्यात पडला. त्या ओढ्याला अजून त्याचे नाव आहे. स्वाराचे नाव मैदानावर कोरले गेले, ते जिंकल्याबद्दल नव्हे, पडल्याबद्दल.

या शर्यतींचे दोन प्रकार. 'हर्डल' म्हणजे सुमारे साडेतीन फुटांचा, घोड्याचा पाय लागला तर कलणारा अडथळा. 'फेन्स' म्हणजे साडेचार फूट किंवा अधिक उंचीचे घट्ट बांधलेले कुंपण. ताशी पंचवीस-तीस मैलांच्या वेगाने घोडा त्याच्याकडे जातो. किती पावले उरली, घोडा लांबून उडणार की जवळ जाऊन, याचा अंदाज स्वाराला घ्यायचा असतो. चुकला तर अर्ध्या टनाचे जनावर आणि तो एकत्र कोसळतात आणि मागून इतर घोडे येतच असतात. म्हणून शर्यत चालू असताना कडेच्या रस्त्याने रुग्णवाहिका घोड्यांबरोबर धावत असते. ज्या धंद्यात कामगाराच्या मागोमाग रुग्णवाहिका धावते, असा दुसरा धंदा आम्हांला ठाऊक नाही.

सपाट शर्यतीचा जॉकी पन्नास-पंचावन्न किलोंचा असतो. उड्यांच्या शर्यतीत कमीत कमी ओझे दहा स्टोनच्या, म्हणजे साडेत्रेसष्ट किलोंच्या, आसपास असते. त्यामुळे वयात येताना ज्यांची हाडे वाढतात, ती मुले इकडे वळतात. तरीही वजनाची टांगती तलवार असतेच. गरम पाण्याच्या टबात बसून घाम काढायचा, दिवसभर चहाबिस्किटावर राहायचे. घोड्याचा इज्मार आपण वाचला. इथे स्वाराचाही इज्मार चालतो आणि तो वर्षानुवर्षे चालतो. पहाटे तबेल्यात घोडे फिरवायचे, मग दूरच्या गावी शर्यतीला जायचे. मिळकत दर स्वारीमागे ठरलेली. जिंकलात तर बक्षिसाचा थोडा हिस्सा. मोडून पडलात तर त्या दिवसापासून स्वारी बंद. टिम ब्रुकशॉ आणि पॅडी फॅरेल हे दोन जॉकी पडून कायमचे अपंग झाले, तेव्हा १९६४ मध्ये इंग्लंडात जखमी जॉकींसाठी निधी उभा राहिला. त्याआधी अशा माणसाला वालीच नव्हता.

टोनी मॅकॉय या आयरिश जॉकीने हेच आयुष्य वीस वर्षे अव्वल राहून काढले. १९९६ पासून २०१५ पर्यंत सलग वीस वेळा तो विलायतेतला पहिल्या क्रमांकाचा जंप जॉकी होता. चार हजार तीनशेहून अधिक शर्यती त्याने जिंकल्या. तरी ग्रँड नॅशनल त्याला पंधराव्या प्रयत्नात, २०१० मध्ये, मिळाली. पण आम्हांला ज्या स्वाराची गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, तो दुसरा.

रेशमी नावाचा घोडा

'इस्तबरक' हा शब्द कुरआन वाचणाऱ्याला परका नाही. सूरह कहफ, सूरह दुखान, सूरह रहमान आणि सूरह दहर या चारही ठिकाणी जन्नतच्या वर्णनात तो येतो. त्याचा अर्थ जाड, भरजरी रेशीम. दुबईच्या शेख हमदान अल मकतूम यांच्या पागेत १९९२ मध्ये एक शिंगरू जन्मले, त्याला हे नाव दिले गेले. सपाट शर्यतींत तो फारसा चमकला नाही. १९९६ मध्ये तो विकायला निघाला.

जॉन डर्कन नावाच्या तरुणाने त्याला हेरले. डर्कन स्वतः हौशी स्वार, पुढे प्रशिक्षक व्हायच्या तयारीत. उड्यांच्या शर्यतीत हा घोडा नाव काढील, अशी त्याची खात्री होती. त्याने जे. पी. मॅकमॅनस या आयरिश मालकासाठी तो घेतला. आणि लगेच त्याला रक्ताचा कर्करोग झाल्याचे कळले. डर्कन बरा होईपर्यंत घोडा एडन ओब्रायन या प्रशिक्षकाकडे ठेवायचे ठरले. म्हणजे ओब्रायनकडे तो एका परीने अमानतच होता. डर्कन बरा झाला नाही. जानेवारी १९९८ मध्ये, अवघ्या ३१ व्या वर्षी, तो वारला. दोनच महिन्यांनी चेल्टनहॅमला इस्तबरकने चॅम्पियन हर्डल जिंकली, तीही बारा लांबींच्या फरकाने. १९९९ ला पुन्हा जिंकली. २००० ला तिसऱ्यांदा.

या तिन्ही वेळी वर बसला होता चार्ली स्वान. आयर्लंडच्या टिपररी परगण्यातला हा मुलगा. वडील घोडे तयार करत. १९८३ मध्ये, पंधरा वर्षांचा असताना, त्याने वडिलांच्या घोड्यावर पहिली शर्यत जिंकली, ती सपाट मैदानावर. मग वजन वाढले आणि तो उड्यांकडे आला. नऊ वेळा तो आयर्लंडचा पहिल्या क्रमांकाचा जंप जॉकी झाला. १९९३ आणि १९९४ च्या चेल्टनहॅमच्या मेळ्यात सर्वाधिक शर्यती जिंकणारा जॉकी तोच होता.

२००१ मध्ये जनावरांत पाय-तोंडाच्या रोगाची साथ आली आणि चेल्टनहॅमचा मेळाच रद्द झाला. चौथ्या विजयाची संधी एक वर्ष लांबली. २००२ च्या मार्चमध्ये इस्तबरक दहा वर्षांचा होता. तरी लोकांचा विश्वास त्याच्यावरच होता. पैसाही सर्वांत जास्त त्याच्यावरच लागला होता. शर्यत दोन मैलांची, अडथळे आठ. इस्तबरकने दोन अडथळे पार केले. आणि स्वानने लगाम खेचून त्याला थांबवले.

वाचकांनी हा क्षण नीट डोळ्यांपुढे आणावा. मैदान खचाखच भरलेले. हजारोंचे पैसे त्या एका घोड्यावर. मालक बडा, आणि स्वतः पैजांसाठी जगभर नाव असलेला. चौथ्यांदा जिंकला तर इतिहास होणार. घोडा पळतो आहे, पडलेला नाही, लंगडत असल्याचे लांबून दिसत नाही. पण खोगिरावर बसलेल्या माणसाला मांडीखाली जाणवले, की हा आज बरोबर नाही. त्याने ना मालकाला विचारले, ना गर्दीकडे पाहिले. तेवढा वेळही नव्हता.

आणि लोकांनी काय केले? परत येणाऱ्या घोड्याचे टाळ्या वाजवून स्वागत केले. ज्यांचे पैसे गेले होते, त्यांनीही. त्याच शर्यतीत व्हालिरामिक्स नावाचा दुसरा नावाजलेला घोडा पडला आणि मेला, म्हणजे त्या दिवशी धोका खरा होता. इस्तबरक पुन्हा शर्यतीत धावला नाही. मालकाच्या कुरणात तो आणखी बावीस वर्षे जगला आणि २०२४ मध्ये, ३२ व्या वर्षी, गेला. स्वान २००३ मध्ये स्वारीतून निवृत्त झाला.

आमच्या मते स्वानच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा दिवस हाच, जरी विजयांच्या यादीत तो सापडणार नाही. घोडा त्याचा नव्हता. पैसा त्याचा नव्हता. त्याच्या हाती फक्त लगाम होता, आणि तो अमानत म्हणून होता. अमानतदार कोणाला म्हणावे, हे आपण मुलांना पुष्कळ गोष्टींतून शिकवतो. त्यात ही एक घालायला हरकत नाही. गोष्टीतला माणूस आपल्या धर्माचा नाही, म्हणून तिचे मोल कमी होत नाही. खुरासानच्या ख्वाजा मुहम्मद यांनी निकितिनच्या बाबतीत हेच केले होते.

आपले स्वार

कोणी म्हणेल, आयर्लंडच्या जॉकीचे आपल्याला काय? आपल्याकडे अशा शर्यती आहेत कुठे? खरे आहे. आज मुंबईत हिवाळ्यात आणि पुण्यात पावसाळ्यात होणाऱ्या शर्यती सपाट मैदानावरच्या. महालक्ष्मीच्या मैदानाचाही विस्तार आता कमी होणार आहे. २११ एकरांपैकी १२० एकर जागा उद्यानासाठी महापालिकेकडे देण्याचे २०२४ मध्ये ठरले. पण अडथळ्यांवरून घोडा उडवणारे स्वार आपल्या देशात झाले, आणि त्यांत आपलेही आहेत. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत लष्करातल्या गुलाम मुहम्मद खान यांनी घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवले. आपल्या मुंबईचे इम्तियाज अनीस २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये उतरले. त्यांच्या प्रकारात तेव्हा रानातल्या उड्यांबरोबर स्टीपलचेसचाही टप्पा असे. बंगळूरच्या फवाद मिर्झा यांनी २०१८ च्या आशियाई खेळांत वैयक्तिक रौप्य आणले, आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ते तेविसावे आले. विलायतेत २०१९ मध्ये खदीजा मेल्लाह या अठरा वर्षांच्या मुलीने हिजाब घालून गुडवुडची एक शर्यत जिंकली. क्रिकेटपटूंची नावे आपल्या मुलांना तोंडपाठ आहेत. ही नावे किती मुलांना ठाऊक आहेत?

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोडदौड हा कौशल्याचा खेळ आहे, असा निकाल दिला. त्या कौशल्यात घोड्याचा वकूब आणि जॉकीची कसब या दोन्ही गोष्टी मोजल्या गेल्या. पैज लावण्याबाबत आपला धर्म काय सांगतो, ते आपल्याला ठाऊक आहे आणि त्यात या निकालाने फरक पडत नाही. परंतु कौशल्य कौशल्यच असते, आणि ते कोणाचे, हे विसरू नये.

कोकणातल्या मुसलमान घरांत जहाजांवर गेलेल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी आता कुठे लिहून काढल्या जाऊ लागल्या आहेत. ज्या घरांत कोणी भायखळ्याच्या तबेल्यात मोतद्दार होता, महालक्ष्मीला घोडे फिरवत होता, कोणा सेठच्या घोड्यावर बसत होता, त्या घरांनी त्याचे नाव, गाव आणि त्याने सांगितलेली एखादी गोष्ट वहीत उतरवून ठेवावी. रेसचा उल्लेख आला म्हणून लाजू नये. तो खेळत होता, 'रेस खेळत' नव्हता. हजरत इब्ने उमर रजि. यांनी आपली उडी स्वतः सांगितली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. आपल्या माणसांच्या उड्या सांगायला आता घरातले म्हातारेच उरले आहेत. ते आहेत तोवर विचारून घ्यावे.